क्लास टू म्हणजे दुसरी इयत्ता नव्हे : चावा तपासून वर्ग लिहायला शिकताना

धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दात तपासायचं शिबिर चालू होतं. एका लेकराचा गाल आरशानं बाजूला धरून मी शेजारच्या इंटर्नला म्हटलं, "क्लास टू लिही." मागं उभा असलेला बाप लगेच म्हणाला, "न्हाई मॅडम, चौथीला हाय त्यो." इंटर्न हसली, मग बापही हसला. आता मी डेंटलच्या पोरांना शिकवायला बसले की सुरुवात इथूनच करते. वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून चाव्याचे तीन वर्ग पडतात : क्लास वन म्हणजे नीट बैठक, क्लास टू म्हणजे खालची दाढ मागं, क्लास थ्री म्हणजे खालची दाढ पुढं. हा शब्द आईबापांशी बोलायचा नाही. एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेल्या चिठ्ठीतला तो शब्द आहे, आणि चिठ्ठी वाचणाऱ्यासमोर ते तोंड नसतं.

ऑर्थोचं, म्हणजे वाकडे दात-जबडे सरळ करायच्या विभागातलं, पोस्टिंग संपत आलं तरी बऱ्याच मुलामुलींचा वर्ग लिहिताना हात थबकतो. पुस्तकातली आकृती पाठ असते, पण समोरचं तोंड आकृतीसारखं नसतं. कुठं दाढ काढलेली, कुठं दुधाची दाढ किडून मोडलेली, कुठं लेकरू जबडा पुढं काढून बसलेलं. हा लेख अशाच नवख्यांसाठी. थर्ड इयर, इंटर्न किंवा तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना टाकलेले तुम्ही. क्रम मी माझ्या सवयीचा देते आहे.

बसवणं आणि दाढा मिटवून घेणं

चावा तपासताना रुग्णाला सरळ बसवा. खुर्ची मागं झोपवली की खालचा जबडा मागं घसरतो आणि निम्मी क्लास वन तोंडं क्लास टूकडं झुकल्यासारखी दिसतात. शाळेत खुर्ची नसतेच. लाकडी बाक, उजेड येईल अशी खिडकी आणि लेकराची नजर समोरच्या फळ्यावर, एवढं पुरतं. हातमोजे, दोन आरसे, दुसऱ्या कुणाच्या हातात मोबाइलची बॅटरी आणि एक स्टीलची पट्टी. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी नको, तिचा शून्य काठापासून सुरू होत नाही.

आता सगळ्यांत जास्त फसवणारी जागा. "दात दाखव" म्हटलं की लेकरू ओठ फाकवून पटाशीचे दात एकमेकांवर टेकवतं, म्हणजे जबडा पुढं आणतं. तुम्ही पाहता तो त्याचा चावा नसतोच. म्हणून मी म्हणते, "बाळा, थुंकी गिळ आणि हरभरे फोडल्यासारख्या दाढा दाब." तरी जमलं नाही तर जिभेचं टोक टाळूवर जितकं मागं जाईल तितकं लावून तोंड मिटायला सांगते. जीभ मागं गेली की जबडाही मागं राहतो. दोनतीनदा उघडझाप करून घ्या आणि दर वेळी दाढा त्याच जागी बसतात का ते पाहा.

मिटताना वाटेवर लक्ष ठेवा. दात आधी एका जागी टेकतात आणि मग जबडा पुढं किंवा बाजूला घसरून पूर्ण मिटतो का? घसरत असेल तर ती बाब वर्गाच्याही आधी कागदावर आली पाहिजे. वरचा एखादा पटाशीचा दात आत वळलेला असतो. खालचा दात त्याच्यावर आपटतो आणि जबडा वाट काढत पुढं सरकतो. मिटलेल्या तोंडात तो अगदी क्लास थ्री दिसतो, पण जबड्याची हाडं प्रमाणात असतात. हा झाला खोटा क्लास थ्री. हनुवटीला हलका हात देऊन जबडा मागं नेला आणि पटाशीचे दात टोकाला टोक भिडले, तर नोंदीत तसंच लिहा. अशा लेकराचं काम लवकर केलं तर थोडक्यात भागतं.

चेहऱ्याकडं एक नजर

बाजूनं पाहा. कपाळ, वरच्या ओठाचं मूळ आणि हनुवटी या तीन ठिकाणांना जोडणारी रेघ मनातल्या मनात काढा. ती सरळ जाते, बाहेर फुगते की आत खचते? तर्जनी वरच्या ओठाच्या मुळाशी आणि मधलं बोट खालच्या ओठाखालच्या खळग्यात टेकवलं की वरचा जबडा पुढं आहे की खालचा मागं, याचा अंदाज येतो. सेफॅलोमेट्रीत, म्हणजे डोक्याच्या बाजूनं काढलेल्या एक्स-रेवरच्या मोजमापात, वरचा जबडा खालच्याच्या किती पुढं आहे ते दाखवणारा जो एएनबी कोन असतो आणि सर्वसाधारण चेहऱ्यात जो २ अंशांच्या आसपास असतो, त्याच गोष्टीचा हा एक्स-रेशिवायचा कच्चा अंदाज.

आठ-नऊ वर्षांच्या लेकराचा चेहरा थोडा फुगीर दिसला म्हणून घाबरू नका. खालचा जबडा उशिरापर्यंत वाढत राहतो.

दाढ : आधी ती ओळखा

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यानं १८९९ साली जी वर्गवारी मांडली, तीच आजही आपल्या प्रत्येक केस पेपरवर आहे. त्याचा सगळा भर पहिल्या कायमच्या दाढेवर. साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पाडता, ती मागच्या बाजूनं गुपचूप येते. आईला वाटतं दुधाचीच दाढ आहे, पडेल आणि दुसरी येईल. त्या गैरसमजापायी आपल्याकडं कितीतरी पहिल्या दाढा किडून जातात.

नवखा डॉक्टरही इथं चुकतो. दुधाची दुसरी दाढ दिसायला हुबेहूब कायमच्या पहिल्या दाढेसारखी असते. म्हणून मधल्या रेषेपासून मोजा. पाचव्या जागी दुधाची दुसरी, सहाव्या जागी कायमची पहिली. दुधाची दाढ जरा लहान आणि जास्त पांढरी असते. बोअरच्या पाण्यानं दातांवर डाग पडलेल्या गावांत मात्र रंगावर भरवसा ठेवू नका, मोजणीवरच ठेवा.

मोठ्या मुलांत मोजणीही दगा देते. खालची पहिली दाढ आठव्या-नवव्या वर्षी काढलेली असेल तर दुसरी दाढ पुढं सरकून सहाव्या जागी येऊन बसलेली असते, फटही राहात नाही. आकार पाहा. खालच्या पहिल्या दाढेला गालाच्या बाजूनं तीन उंचवटे आणि त्यांच्यामध्ये दोन खाचा असतात. दुसरीला दोन उंचवटे आणि एकच खाच. एकच खाच दिसली तर आईला विचारा, "आक्का, लहानपणी इथली दाढ काढली होती का?"

वरचा उंचवटा, खालची खाच

आता प्रत्यक्ष वर्ग. वरच्या पहिल्या दाढेचा गालाकडचा पुढचा उंचवटा शोधा, ज्याला आपण मीझियोबकल कस्प म्हणतो. तो खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या खाचेत बसला तर क्लास वन. दोन खाचांपैकी पुढचीच पाहायची, हे परीक्षेतही निम्मे जण विसरतात.

खालची दाढ मागं राहिली, म्हणजे वरचा उंचवटा खाचेच्या पुढं पडला, तर क्लास टू. पूर्ण क्लास टूमध्ये तो उंचवटा खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या (सुळा आणि दाढा यांच्या मधले दोन दात त्या उपदाढा) आणि पहिल्या दाढेच्या मधल्या सांध्यात जातो. खालची दाढ पुढं गेली, वरचा उंचवटा खाचेच्या मागं पडला, तर क्लास थ्री. पूर्ण क्लास थ्रीमध्ये तो खालच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या सांध्यात.

या मधल्या जागाही असतात. उंचवट्यावर उंचवटा आला तर त्याला एंड-ऑन म्हणतात. नुसतं "क्लास टू" लिहून मोकळं होऊ नका. "अर्धा कस्प" की "पूर्ण कस्प" तेही लिहा. पूर्ण म्हणजे साधारण एका उपदाढेच्या रुंदीएवढं अंतर, जवळपास ७ मिलिमीटर. अर्ध्या आणि पूर्ण कस्पच्या उपचारात फार फरक पडतो.

इथं माझी स्वतःची एक फजिती सांगते. इंटर्न असताना एका तेरा वर्षांच्या मुलीचा केस पेपर मी दोन्हीकडं क्लास वन असा भरला होता. आमचे सर काही बोलले नाहीत. तिचे प्लास्टरचे साचे आणून माझ्यासमोर ठेवले आणि डावी बाजू माझ्याकडं फिरवली. पूर्ण कस्प क्लास टू. मी उजव्या हातानं काम करणारी, रुग्णाच्या उजवीकडं बसणारी. उजवी दाढ मी नीट आडवी पाहिली होती, डावी मात्र समोरून तिरकी. वरची दाढ गालाकडं जरा बाहेर असते. त्यामुळं पुढून तिरकं पाहिलं की ती आहे त्याहून मागं दिसते आणि क्लास टू चक्क क्लास वन भासतो. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोतही हीच खोट येते. म्हणून डावीकडं पाहताना उठा, रुग्णाच्या पलीकडं जा आणि गाल पूर्ण ओढून दाढेच्या अगदी समोरून पाहा. दोन्ही बाजू दोन वेगळ्या ओळींत लिहा. "दोन्हीकडं सारखं" हे शब्द मी माझ्या मुलांना लिहूच देत नाही.

दाढ सरकलेली असेल तर

अँगलनं वरची पहिली दाढ जवळजवळ अढळ धरली होती. ती अढळ नाही हे पुढं सगळ्यांनाच कळलं. आपल्या भागात तर ते रोज दिसतं. दुधाची दाढ दुखते, आई म्हणते, "काढून टाका की, पडणारच हाय ती." आणि कुणीतरी काढून टाकतं. फट धरून ठेवायला स्पेस मेंटेनर कुणी बसवत नाही. मागची कायमची दाढ त्या मोकळ्या जागेत पुढं सरकते.

वरची सरकली तर जबडे अगदी प्रमाणात असूनही चावा क्लास टू दिसतो. ही वरची दाढ सरळ सरकत नाही, टाळूकडच्या मुळाभोवती फिरत पुढं येते, त्यामुळं तिचा पुढचा उंचवटा आणखीच पुढं जातो. चघळायच्या बाजूनं पाहिलं की दाढ तिरकी वळलेली दिसते. खालची सरकली तर उलटं होतं. ती पुढं झुकून पडते आणि खऱ्या क्लास टूला झाकून क्लास वनचा मुखवटा चढवते, नाहीतर क्लास वनचा क्लास थ्री करते.

अशा वेळी दोन कामं करा. पहिलं, जे दिसतं ते जसंच्या तसं लिहा आणि पुढं "दाढ सरकलेली, दुधाची दुसरी दाढ लवकर गेलेली" अशी नोंद जोडा. दुसरं, दाढ मनानं तिच्या मूळ जागी नेऊन पाहा. जागा किती भरली गेली ते मोजा, तेवढी ती मागं ढकला, मग काय नातं उरतं? ते कंसात लिहा. दाढच नसेल तर त्या बाजूला "नोंदवता येत नाही" लिहा. समोरच्या बाजूवरून अंदाजानं भरू नका.

मार्टिन ड्यूईनं क्लास वनचे जे पाच प्रकार पाडले, त्यातला पाचवा हाच, दाढ पुढं सरकलेला. बाकीचे चार म्हणजे पुढच्या दातांची दाटी, वरचे पुढचे दात बाहेर, पुढचा उलटा चावा (वरचे दात खालच्यांच्या आत बसणं) आणि मागचा उलटा चावा. तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून पाठ ठेवा. प्रत्यक्ष नोंदीत मात्र प्रकाराच्या आकड्याऐवजी काय दिसलं ते सरळ शब्दांत लिहिलेलं मला बरं वाटतं.

सुळा साक्षीदार

दाढेवर शंका आली की सुळ्याला विचारा. वरच्या सुळ्याचं टोक खालच्या सुळ्याच्या आणि पहिल्या उपदाढेच्या मधल्या सांध्यात बसलं की क्लास वन. सांध्याच्या पुढं पडलं तर क्लास टू, मागं पडलं तर क्लास थ्री. वरचा कायमचा सुळा अकरा-बारा वर्षांच्या सुमारास येतो, त्याआधी दुधाचा सुळा पाहा. दाढ आणि सुळा वेगळं बोलत असतील तर त्या बाजूला कुठंतरी दात सरकलेत, गेलेत किंवा दाटलेत. त्यांचं न जुळणंच तुम्हाला कुठं बघायचं ते सांगतं. सुळाच वर हिरडीत अडकून राहिला असेल आणि बाहेरून त्याचा उंचवटा हाताला लागत नसेल तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पुढचे दात आणि क्लास टूची दोन घरं

क्लास टूचे दोन विभाग असतात ते पटाशीच्या दातांवरून. डिव्हिजन वनमध्ये वरचे पुढचे दात बाहेर आलेले आणि ओव्हरजेट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढं आहेत ते आडवं अंतर, वाढलेला. शाळेत पोरं ज्याला "दाताड्या" म्हणून चिडवतात, तो बहुतेकदा हाच. आई तक्रार घेऊन येते, "दात पुढं यायलेत की डॉक्टर, ओठच मिटंना त्याचे." हा ओळखायला अडचण येत नाही.

डिव्हिजन टू मात्र हुलकावणी देतो. वरचे मधले दोन पटाशीचे दात आत वळलेले असतात, त्यांच्या शेजारचे दोन पुढं डोकावतात, आणि वरचे दात खालच्यांना पडद्यासारखे झाकून टाकतात. ओव्हरजेट कमी असल्यानं नवखा पोरगा खुशाल क्लास वन लिहितो. चेहराही चांगला दिसतो, म्हणून घरच्यांचीही तक्रार नसते. फार तर "बाजूचे दोन दात वर आलेत" एवढंच. पण दाढ पाहिली की क्लास टू निघतो. खालचे दात टाळूच्या हिरडीला टोचतात का, हे आरशानं नक्की पाहा. हिरडीवर दातांचे ठसे उमटलेले असतात.

ओव्हरजेट मोजताना पट्टी जमिनीला समांतर धरा. खालच्या पटाशीच्या दाताच्या ओठाकडच्या बाजूला पट्टीचं टोक टेकवा आणि सगळ्यांत पुढं आलेल्या वरच्या दाताच्या काठापर्यंत वाचा. २ ते ३ मिलिमीटर बेताचं. खालचे दात पुढं असतील तर उणे चिन्ह लावून लिहा. ब्रूक आणि शॉ यांच्या १९८९ च्या उपचारगरज निर्देशांकात ६ च्या वर ९ मिलिमीटरपर्यंतचा ओव्हरजेट चौथ्या पायरीत येतो आणि त्याहून जास्त पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीत. जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्ण पाठवताना हा एक आकडा सगळ्यांत उपयोगी पडतो. पुढं आलेले दात सायकलवरून किंवा हापशावर पडताना आधी मोडतात, तेही आईला सांगून ठेवा.

ओव्हरबाईट, म्हणजे वरचे दात खालच्यांना वरून किती झाकतात ते उभं माप, मोजायची सोपी युक्ती आहे. तोंड मिटलेलं असताना वरच्या दाताच्या काठाशी खालच्या दातावर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढा, मग तोंड उघडून दाताच्या टोकापासून त्या रेघेपर्यंत मोजा. साधारण एक तृतीयांश दात झाकलेला असेल तर ठीक. काहीच झाकलेलं नसेल, वरखाली फट राहात असेल, तर तो ओपन बाईट. फट एकाच बाजूला जास्त असेल तर लेकराचा अंगठा हातात घेऊन पाहा. एक अंगठा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ आणि मऊ किंवा घट्टा पडलेला असला तर लेकराला न रागावता आईला बाजूला बोलवा.

आणखी एक. दाढ क्लास वन, पण वरचे आणि खालचे दोन्ही पुढचे दात बाहेर, ओठ फुगलेले. आपल्याकडं ही ठेवण बरीच दिसते. हिला क्लास टू म्हणू नका, ओव्हरजेट बेताचाच असतो. क्लास वन लिहून पुढं "दोन्ही जबड्यांचे पुढचे दात बाहेर" असं लिहा.

आडवा चावा आणि मधली रेषा

वरच्या दाढांचे गालाकडचे उंचवटे खालच्यांच्या बाहेर बसले पाहिजेत. आत बसले तर क्रॉसबाईट. वरची दाढ खालचीला पूर्ण ओलांडून बाहेर गेली तर सिझर बाईट. एकाच बाजूला क्रॉसबाईट असेल तर मधली रेषा दोनदा पाहा, तोंड उघडं असताना आणि मिटल्यावर. उघडं असताना वरची-खालची रेषा जुळते आणि मिटल्यावर खालची क्रॉसबाईटच्या बाजूला सरकते, तर जबडा घसरतो आहे. दोन्ही वेळा सरकलेलीच असेल तर दातांची किंवा हाडांची गोष्ट. घसरत असेल तर बाजूबाजूचा दाढेचा वर्गही खोटा ठरू शकतो, कारण मिटल्यावर जबडा एका बाजूला पुढं आणि दुसऱ्या बाजूला मागं जातो.

सात ते बारा वर्षांचं लेकरू

शिबिरात हेच जास्त भेटतात आणि चुकीचे शिक्के सगळ्यांत जास्त यांच्यावरच बसतात.

दुधाच्या दुसऱ्या दाढांच्या मागच्या कडा वरखाली एका सरळ रेषेत असतील तर कायमच्या पहिल्या दाढा सुरुवातीला एंड-ऑन बसतात. सात-आठ वर्षांच्या मुलात हे चालतं, त्याला क्लास टू म्हणू नका. दुधाचा सुळा आणि दुधाच्या दोन दाढा यांची एकूण रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांपेक्षा थोडी जास्त असते. या उरलेल्या जागेला लीवे स्पेस म्हणतात. वरच्या जबड्यात ती दोन्ही बाजू मिळून सुमारे १.८ मिलिमीटर, खालच्यात सुमारे ३.४. खालच्या दाढेला पुढं सरकायला जास्त जागा मिळते, म्हणून दुधाच्या दाढा पडल्या की एंड-ऑनचा क्लास वन होतो. दुधाच्या दाढा किडून मोडल्या असतील तर ही बेरीजच चुकते. तेव्हा या वयात दुधाच्या दाढांची अवस्था वर्गाइतकीच ठळक लिहा. दुधाची खालची दाढ वरच्या दाढेपेक्षा मागं असेल, म्हणजे डिस्टल स्टेप असेल, तर मात्र पुढं क्लास टू जवळपास ठरलेला. तिथं "वाट पाहू" म्हणून सोडू नका.

दुसरी गोष्ट कुरूप पिल्लाची. ब्रॉडबेंटनं १९३७ साली या अवस्थेला अग्ली डकलिंग स्टेज म्हटलं. वरचे चार पटाशीचे दात आले की मध्ये फट पडते आणि बाजूचे दात बाहेर झुकतात, कारण न आलेले सुळे वरून त्यांच्या मुळांना रेटत असतात. आई हवालदिल होऊन येते, "ह्या फटीत तार बसवा." सुळे खाली आले की बऱ्याचदा फट आपोआप बुजते. घाईनं दात ओढले तर बाजूच्या दातांची मुळं सुळ्याच्या वाटेत येऊन झिजायची भीती. या वयात तार नको, दरवर्षी एकदा पाहणं पुरे.

आता कागदावर

सगळं पाहून झाल्यावर नोंद अशी काहीशी दिसावी:

मुलगी, १२ वर्षे. मिटताना जबडा घसरत नाही. चेहरा बाजूनं किंचित फुगीर, खालचा जबडा मागं. उजवी दाढ क्लास टू, पूर्ण कस्प. डावी दाढ क्लास वन. उजवा सुळा क्लास टू, डावा सुळा क्लास वन. ओव्हरजेट ७ मिलिमीटर. ओव्हरबाईट ५ मिलिमीटर, टाळूला टोचत नाही. क्रॉसबाईट नाही. खालची मधली रेषा २ मिलिमीटर उजवीकडं. खालच्या पुढच्या दातांत ३ मिलिमीटर दाटी. वर्ग : अँगल क्लास टू, डिव्हिजन वन, सबडिव्हिजन, उजवीकडं क्लास टू.

शेवटचे तीन शब्द मुद्दाम आहेत. सबडिव्हिजन म्हणजे एका बाजूला क्लास टू आणि दुसरीकडं क्लास वन. पण "सबडिव्हिजन उजवी" म्हटलं की बिघडलेली बाजू उजवी की चांगली बाजू उजवी, यावर जुन्याजाणत्यांतही एकमत नाही. बाजू सरळ लिहिली की वाद मिटला.

आकृत्यांवर सराव करण्यापेक्षा कॉलेजच्या कपाटातले जुने प्लास्टरचे साचे काढा. नावाची चिठ्ठी झाकून स्वतः नोंद लिहा, मग केस पेपरशी ताडून पाहा. पहिल्या दहांत तुम्ही तीनचार चुकाल, बहुतेक डाव्या बाजूला. साचे हातात धरताना त्यांच्या मागच्या कडा सपाट टेबलावर जुळवून घ्या. हवेत धरून दात कसेही बसवता येतात.

धारूर, वडवणीसारख्या ऊसतोडीच्या भागात काम करणार असाल तर हे आणखी लागेल. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं कारखान्यांकडं निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच आईबापांबरोबर फडावर जातात. दर महिन्याला तार आवळायला ती तुमच्याकडं येणार नाहीत. म्हणून नोंदीची एक प्रत आईच्या हातात द्या. रेशनकार्ड ज्या पिशवीत असतं त्याच पिशवीत ठेवायला सांगा. माझ्याकडं अशी एक पिशवी परत आली होती. आतला कागद दुसऱ्या जिल्ह्यातल्या, कधी न भेटलेल्या डॉक्टरनं भरला होता. उजवी दाढ, डावी दाढ, ओव्हरजेट, तारीख. मी मुलीला बाकावर बसवलं, थुंकी गिळायला सांगितली, आणि त्याच्या खाली माझी ओळ लिहिली.